वॉर्डात पोस्टिंगला आलेल्या मुलींना शिकवायचं कसं, हे स्टाफ नर्सनं कुठून शिकायचं?

स्टाफ_मेडिसिन_लातूर

नमस्कार मंडळी. मेडिसिन वॉर्डला अधिपरिचारिका आहे. जीएनएम (नर्सिंग डिप्लोमा) दुसऱ्या वर्षाच्या आणि बीएस्सी नर्सिंगच्या मुली पोस्टिंगला यायल्यात, सोबत तीन ब्रदरही (नर्सिंगची मुलं) आहेत. सकाळच्या ड्युटीत त्यांची जबाबदारी परिसेविका (वॉर्ड इन्चार्ज) मॅडमनी माझ्याकडं दिली. कॉलेजच्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टर येतात, पण त्यांना एकाच वेळी चार वॉर्ड बघावे लागतात. काम मला येतं. शिकवायचं प्रशिक्षण मात्र कुणी दिलेलं नाही.

प्रश्न असे: प्रोसिजर दोनदा दाखवूनही जमत नसेल तर दाखवण्यात काय चुकतं? प्रश्न विचारला की सगळ्या गप्प उभ्या राहतात, त्यावर उपाय काय? पेशंटसमोर चुकली तर तिथंच बोलायचं का नंतर? आणि प्रोसिजर बुकवर (मुलगी काय काय शिकली त्याची वही) सही नेमकी कधी करायची? "बघून बघून शिकतात आपोआप" हे उत्तर नको, ते सगळ्यांकडून ऐकून झालंय.

---

पाठ्यनिर्देशिका_नांदेड

सुरुवात पहिल्या प्रश्नापासून करू, कारण बाकीचे त्यातूनच निघतात. जिचा हात बसलाय तिला स्वतःच्याच पायऱ्या दिसत नाहीत. इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत घालायची नळी) टाकताना डावा अंगठा कातडी ताणतो, फ्लॅश (सुईमागं दिसणारं रक्त) आला की सुईचा कोन खाली येतो, आणि यातलं काहीच ती मनात म्हणत नसते. म्हणून मुलीला सांगताना तोंडातून "हे बघ, अशी टाकायची" एवढंच निघतं. आधी आपलाच बसलेला हात पुन्हा सुटा करावा लागतो.

त्यासाठी एक सराव आहे. प्रोसिजरच्या पायऱ्या कागदावर लिहा. स्किल लॅबमधल्या आर्मसमोर (सरावाचा नकली हात) सहकारी सिस्टरला बसवा, तुमचे हात पाठीमागं. तुम्ही फक्त बोलायचं आणि तिनं सांगितलं तेवढंच करायचं, स्वतःची अक्कल लावायची नाही. टूर्निके (हाताला आवळलेला पट्टा) सोडायला सांगायचं विसरलात तर तो तसाच राहील. पहिल्या फेरीत जे जे सुटलं त्याखाली लाल रेघ मारा. मुली अडखळतात त्या बहुतेक ह्याच जागी.

इंट्राकॅथमध्ये हमखास सुटणारी जागा म्हणजे फ्लॅश दिसल्यानंतरचे २ ते ३ मिलिमीटर. स्टायलेटचं (आतल्या सुईचं) टोक कॅथेटरच्या (वरच्या प्लास्टिक नळीच्या) टोकाच्या थोडं पुढं असतं. रक्त दिसलं म्हणजे सुई व्हेनमध्ये गेली, पण प्लास्टिकची नळी अजून बाहेरच असू शकते. म्हणून कोन कमी करून सगळं मिळून २-३ मिलिमीटर आत न्यायचं, मग स्टायलेट स्थिर धरून फक्त नळी पुढं सरकवायची. मुलगी फ्लॅश दिसताच आनंदानं नळी सरकवते, नळी व्हेनच्या भिंतीला अडते, आणि सलाईन सुरू केलं की सूज. तिला "हळू कर, घाई करू नको" म्हणून उपयोग नाही; ती घाई करतच नाहीये. कारण सांगितलं की पुढच्या वेळी हात आपोआप थांबतो. कारणाशिवाय सांगितलेली पायरी दोन दिवसांत गळते.

अशीच कारणासकट सांगायची बाकीची ठिकाणं: टूर्निके चार बोटं वर आणि १ मिनिटाच्या आत सुटला पाहिजे, क्लोरहेक्सिडीन-स्पिरिट लावल्यावर ३० सेकंद वाळू द्यायचं, फुंकर मारायची नाही, परत बोटानं व्हेन चाचपायची नाही, टूर्निके आधी सुटतो, स्टायलेट नंतर निघतं, स्टायलेट थेट पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, टोपण परत लावायचं नाही. आणि शिकाऊ हाताला एका पेशंटवर जास्तीत जास्त दोन प्रयत्न, तिसरा तुमचा. हा नियम आधीच सांगून ठेवला की मुलीलाही हात मागं घ्यायला लाज वाटत नाही.

आता दाखवायची पद्धत. ब्रिटनमधले सर्जन पेटन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या आजही सगळ्यात कामाच्या आहेत. पहिल्यांदा नेहमीच्या वेगानं, न बोलता करून दाखवायचं, म्हणजे शेवटी कसं दिसायला पाहिजे ते डोळ्यात बसतं. दुसऱ्यांदा सावकाश, प्रत्येक पायरीचं कारण सांगत. तिसऱ्यांदा मुलगी सांगणार आणि तुम्ही करणार. चौथ्यांदा मुलगी करणार, पण प्रत्येक पायरी हात लावण्याआधी तोंडानं बोलून.

तिसरी पायरी जवळपास सगळेच गाळतात. "दाखवलं, आता कर" म्हणजे दुसरीवरून थेट चौथीवर उडी. तुमचं "दोनदा दाखवूनही जमत नाही" बहुतेक इथंच अडकलंय. तिसरीत तिच्या डोक्यातलं चित्र बाहेर येतं आणि चूक पेशंटच्या हातावर होण्याआधी कानावर पडते. ती चुकीचं बोलली तर करू नका, हात थांबवा आणि "आता काय होईल?" एवढंच विचारा.

एका वेळी दहा जणींना हे होत नाही. तिघींचा गट करा: एक बोलणारी, एक करणारी, एक चेकलिस्टवर खूण करणारी. मग जागा बदलायच्या.

---

आयसीयू_ब्रदर_संभाजीनगर

मॅडमनी हाताचं सांगितलं, मी तोंडाचं सांगतो.

मुली गप्प राहतात याचं पहिलं कारण आपणच थांबत नाही. प्रश्न विचारला की साधारण एका सेकंदात आपण दुसरा प्रश्न टाकतो किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतो. मनात पाच आकडे मोजा. ती शांतता फार लांब वाटते, पण उत्तर त्याच वेळात तयार होत असतं.

दुसरं कारण प्रश्नाची जात. "ॲट्रोपिनचे साइड इफेक्ट सांग" ही तोंडी परीक्षा झाली. पाठ असेल तर बोलते, नसेल तर खाली बघते, आणि दोन्ही वेळेला पेशंट बाजूलाच राहतो. प्रश्न समोरच्या बेडवरून निघाला पाहिजे. डॉक्टरांच्या शिक्षणात १९९२ मध्ये आलेली पाच टप्प्यांची एक पद्धत आहे, 'वन मिनिट प्रीसेप्टर' म्हणतात तिला. नर्सिंगला ती फार चांगली बसते. आपल्याकडच्या पेशंटवर बघू.

कापूस-सोयाबीनच्या फवारणीच्या दिवसांत औषध पिलेले किंवा फवारताना अंगावर गेलेले पेशंट येतात हे सांगायला नको. समजा ऑर्गनोफॉस्फरस (कीटकनाशक) विषबाधेचा पेशंट त्यावरच्या औषधाच्या, म्हणजे ॲट्रोपिनच्या, ड्रिपवर आहे. मुलगी येऊन सांगते, "सर, बेड ६ बडबड करायलाय, अंग तापलंय, पल्स १४०."

पहिला टप्पा, तिला एका मतावर आणा: "तुला काय वाटतं, काय होतंय?" ती म्हणते, ॲट्रोपिन जास्त झालं असेल. लगेच हो-नाही म्हणू नका.

दुसरा, पुरावा मागा: "कशावरून? आणखी काय बघितलंस?" इथं कळतं की तिनं प्युपिल (डोळ्यातल्या बाहुल्या) बघितले, पण छाती ऐकली नाही, पोटावर स्टेथो ठेवला नाही, काखेत हात घालून घाम बघितला नाही. लघवी तुंबलीय का तेही नाही. जा, बघून ये म्हणा, दोन मिनिटांचं काम आहे.

तिसरा, एकच नियम शिकवा. इथला नियम: ॲट्रोपिन पुरेसं झालं की नाही हे मुख्यतः छाती सांगते. घरघर आणि स्राव गेले, पल्स ८० च्या वर, सिस्टॉलिक बीपी ८० च्या वर, काख कोरडी, म्हणजे पुरेसं. त्याच्या पुढं जाऊन गोंधळ, ताप आणि पोटाचे आवाज बंद, म्हणजे जास्त झालं. लगेच डॉक्टरांना कळवायचं, ड्रिपचा निर्णय त्यांचा. नुसत्या प्युपिलवर विसंबायचं नाही. बस, एवढंच. त्याच दमात विषबाधेचा अख्खा धडा घेतला की नियम त्यात बुडतो.

चौथा, बरोबर काय केलं ते नेमकं सांगा. "छान" म्हणजे काहीच नाही. "पल्स बघून थांबली नाहीस, ताप आणि बडबड एकत्र जोडलीस" हे सांगणं. पाचवा, काय सुधारायचं: "पुढच्या वेळी छाती ऐकूनच मला हाक मार." सगळं मिळून फार तर पाच मिनिटं.

पेशंट खरंच ढासळत असेल तर मात्र हे काहीच करू नका. आधी पेशंट, प्रश्न नंतर चहाच्या वेळी.

भाषेचंही एक. बऱ्याच मुली मराठी माध्यमातून आलेल्या असतात, पुस्तकं इंग्रजी. डोक्यात कळलेलं असतं पण इंग्रजीत बोलायचं म्हणून तोंड उघडत नाही. विचार मराठीत बोलू द्या. मात्र केसपेपरवरचे शब्द आणि ओव्हर (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती) देतानाचा क्रम ठरलेलाच पाहिजे: पेशंट कोण, आत्ता काय झालंय, आधीचं काय, मी काय तपासलं, मला काय हवंय.

---

परिसेविका_अंबाजोगाई

दोघांचं बरोबर आहे, पण वॉर्डाचं गणितही बघा. ३० खाटांच्या वॉर्डात जमिनीवरही गाद्या टाकलेल्या असतात, तिथं एका इंट्राकॅथच्या चार फेऱ्या कुठल्या सकाळी करायच्या? पहिल्या दोन पायऱ्या स्किल लॅबलाच झाल्या पाहिजेत, ते कॉलेजचं काम. वॉर्डात तिसरी आणि चौथीच ठेवा. बेडजवळ न बोलता करून दाखवणंही मला पटत नाही. पेशंटला वाटतं सिस्टर रागावल्यात.

नियोजनाशिवाय शिकवणं होत नाही, नुसती धावपळ होते. सकाळचं ओव्हर झालं की दहा मिनिटं उभ्या उभ्या: प्रत्येकीला दोन पेशंट आणि आजचं एकच ध्येय. "आज तू इनटेक-आउटपुट दर तासाला स्वतः भरणार आणि बारा वाजता बॅलन्स मला काढून सांगणार." ध्येय मोजता आलं पाहिजे, "नीट लक्ष दे" हे ध्येय नव्हे. ड्युटी संपताना परत पाच मिनिटं: काय कळलं, काय नाही कळलं.

पहिल्या दिवशी पेशंट देऊच नका. क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची गाडी), सक्शन, ऑक्सिजनची चावी, श्वास द्यायची अंबू बॅग, सांडलेलं रक्त पुसायचं सामान, आणि कचऱ्याचे पिवळा, लाल, पांढरा, निळा डबे स्वतःच्या हातानं उघडून बघायला लावा. दुसऱ्या दिवशी "ॲड्रेनलीन आण" म्हणा आणि घड्याळ बघा.

एक यादी भिंतीवर पाहिजेच: विद्यार्थिनीनं एकटीनं काय करायचं नाही. इन्सुलिन, हेपारिन, पोटॅशियम क्लोराईड, रक्त सुरू करणं, इनोट्रोप (हृदयाला जोर देणारं औषध) किंवा ॲट्रोपिनची ड्रिप कमीजास्त करणं. पोटॅशियम तर पातळ न करता शिरेतून कधीच नाही, हे रोज बोला. औषध मुलीनं भरलं तरी ॲम्प्यूल, डोस आणि पेशंटचं नाव तुम्ही बघायचं आणि सही तुमची. जबाबदारी नोंदणी असलेल्या नर्सची आहे, ती शिकाऊवर ढकलता येत नाही.

आता समोर बोलायचं का नंतर. अपाय होणार असेल तर त्याच क्षणी, पण आवाज न चढवता, ठरलेल्या शब्दांत: "थांब, हात तिथंच ठेव." हे शब्द मुलींना पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचे, म्हणजे तिला तो अपमान वाटत नाही आणि पेशंट घाबरत नाही. बाकीचं सगळं बेडपासून लांब, पण त्याच ड्युटीत. आठवड्यानं सांगितलेली चूक तिला आठवतही नसते. आधी तिला विचारा "तुला कसं वाटलं", मग एकच गोष्ट सांगा. आठ चुका दिसल्या तरी सगळ्यात धोक्याची एक.

आणि पेशंटला विचारा हो! "मावशी, ह्या शिकाऊ सिस्टर आहेत, मी सोबत थांबते, चालेल का?" नको म्हणाल्या तर नको. दखनी किंवा गोरमाटी (बंजारा) बोलणारी मुलगी गटात असेल तर तिचा फार उपयोग होतो, पण तिलाच दिवसभर दुभाषी करून ठेवलं तर तिचं शिकणं बुडतं.

जाता जाता, सॅम्पल पोचवायला आणि एक्स-रेच्या रांगेत उभं राहायला विद्यार्थिनी नसतात. मनुष्यबळ कमी आहे हे खरं, म्हणून पोस्टिंगचे तास तिथं भरायचे असा अर्थ होत नाही.

---

स्टाफ_मेडिसिन_लातूर

खूप धन्यवाद. तिसरी पायरी खरंच गाळतेय मी. राहिलं ते सहीचं. एक मुलगी स्वभावानं गोड आहे, पेशंटशी छान बोलते, पण हात धुणं आणि ॲसेप्टिक टेक्निक (जंतू लागू न देता काम करणं) कच्चं. पोस्टिंग संपत आलंय आणि बुक सहीला पुढं येतंय. शिवाय मी स्वतः बरं शिकवतेय का, हे मला कोण सांगणार?

---

पाठ्यनिर्देशिका_नांदेड

बुकमध्ये एकच रकाना असेल तर पेन्सिलीनं तीन करा: पाहिलं, मदतीनं केलं, स्वतः केलं. तीन वेगळ्या गोष्टींना एकच सही दिली की तिसऱ्या वर्षाला मुलगी "झालंय माझं" म्हणते आणि तिनं कॅथेटर फक्त लांबून बघितलेलं असतं.

"स्वतः केलं" ठरवताना नुसतं पूर्ण झालं का ते बघू नका. तीन प्रश्न: सुरक्षित केलं का, बरोबर निकाल आला का, आणि तुम्हाला किती वेळा सांगावं लागलं. एखादी खूण पुरली तर ती देखरेखीत करते. सतत सांगावं लागलं तर मदतीनं करते. हात धरावा लागला तर अजून शिकायचंय. एकदा जमलं म्हणजे येतं असंही नाही. वेगवेगळ्या पेशंटवर पुन्हा बघा.

गोड मुलीचं प्रकरण सगळीकडं असतं. स्वभाव चांगला, पोस्टिंगचा शेवट, "पुढच्या वॉर्डात शिकेल" म्हणून सही होते, आणि पुढचा वॉर्डही हेच म्हणतो. ब्रिटनच्या नर्सिंग परिषदेनं २०१८ च्या नियमांत शिकवणारी आणि मूल्यमापन करणारी अशा दोन भूमिकाच वेगळ्या केल्या, म्हणजे रोज सोबत राहून जीव लागलेल्या नर्सवर निकालाचं ओझं येत नाही. आपल्या वॉर्डात तेवढी माणसं नाहीत, पण सहीआधी एकदा दुसऱ्या सिस्टरला किंवा इन्स्ट्रक्टरला तिचं ड्रेसिंग बघायला सांगणं जमतं.

नोंद शेऱ्यात नको, घटनेत लिहा. "निष्काळजी आहे" हे कुणीही खोडून काढेल. "१२ तारीख, सकाळी १०, हात न धुता ड्रेसिंग ट्रेतला फोर्सेप उचलला, सांगितल्यावर धुतले. १४ तारीख, तेच परत" हे खोडता येत नाही, आणि मुलीलाही नेमकं काय बदलायचं ते कळतं. हे बोलणं पोस्टिंगच्या मध्यावर व्हायला हवं होतं, शेवटच्या दिवशी सांगणं तिच्यावर अन्याय आहे. आता उरलेले दिवस फक्त याच एका गोष्टीला द्या: रोज एक ड्रेसिंग, आधी पायऱ्या तोंडी, मग तुमच्या डोळ्यांसमोर. जमलं तर सही. नाही जमलं तर "मदतीनं केलं" लिहा आणि इन्स्ट्रक्टरना लेखी कळवा. चांगलं बोलते त्याची नोंदही तेवढीच नेमकी करा.

---

आयसीयू_ब्रदर_संभाजीनगर

स्वतःचं मोजायला सोपा मार्ग: सहकाऱ्याला दहा मिनिटं बाजूला उभं करा, हातात कागद. त्यानं शिकवलेलं बरोबर का चूक हे बघायचं नाही. तुम्ही किती बोललात आणि मुलगी किती बोलली, प्रश्नानंतर किती थांबलात, तिच्या हातातून काम किती वेळा काढून घेतलंत, एवढंच टिपायचं. हातातून काढून घेणं आपल्याला स्वतःला कळतही नाही, म्हणून तो आकडा सगळ्यात जास्त बोलतो. मोबाईलवर व्हिडिओ नको, पेशंट त्यात येतो.

मुलींकडून बिननावाची चिठ्ठी घ्या, दोनच ओळी: आज काय कळलं, कुठं अडलं. चौघींनी एकच जागा लिहिली तर अडचण मुलींची नाही.

एका वेळी एकच प्रोसिजर शिकवायला तयार व्हा, सगळ्या नको. नोंदणी नूतनीकरणाला सीएनईचे (नोकरीतल्या नर्सच्या सततच्या शिक्षणाचे) क्रेडिट लागतातच, तेव्हा नुसता हजेरीचा कार्यक्रम निवडण्यापेक्षा क्लिनिकल टीचिंग किंवा प्रीसेप्टरशिपचं सत्र असेल ते घ्या.

---

परिसेविका_अंबाजोगाई

पहिली प्रोसिजर कुठली घ्यायची असा प्रश्न असेल तर सर्पदंशाची २० मिनिटांची रक्त गोठण्याची तपासणी घ्या. सामान नसल्यात जमा, आणि चुका सगळ्या शिकवण्यासारख्या. २ मिली ताजं शिरेतलं रक्त, नवीन कोरडी काचेची टेस्ट ट्यूब, २० मिनिटं न हलवता, मग एकदाच तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं तर लगेच डॉक्टरांना कळवायचं.

मुलींना आधी विचारा, प्लास्टिकची का नको? काचेच्या पृष्ठभागानं गोठण्याची क्रिया सुरू होते, प्लास्टिकमध्ये ती नीट होत नाही, म्हणजे निरोगी माणसाचं रक्तही पातळ दिसेल. साबणानं धुतलेली ट्यूबही त्याच कारणानं बाद. आणि मधेच उचलून "झालं का" बघणारी एक असतेच, तिला ट्यूब हलवल्यानं काय होतं ते सांगा आणि टायमर तिच्याच हातात द्या. सापाच्या विषावरची लस दिल्यावर ६ तासांनी परत करायची असते, ती वेळ ओव्हरमध्ये मुलीनंच सांगायची.

---

स्टाफ_मेडिसिन_लातूर

हीच घेते. स्टोअरला काचेच्या नवीन ट्यूब आहेत का ते बघते. वॉर्डात सध्या धुतलेल्याच दिसायल्यात, त्या आजच बाजूला काढते.